मुलींच्या संघाची शिल्लक

मस्कतहून कायमचा परतल्यावर देवरुखात लोक मला पहिला प्रश्न पगाराचा विचारत आणि दुसरा, "तिथे नक्की करत काय होतात?" मी सांगायचो, "एका कॉलेजच्या खेळांचा हिशोब ठेवायचो." समोरच्याचा चेहरा पडायचा. आखातात राहून आलेल्या माणसानं तेलाच्या विहिरींचं काहीतरी सांगावं अशी त्यांची अपेक्षा. चेंडू, शिट्ट्या आणि बसभाड्याची बिलं तपासायला माणूस समुद्र ओलांडून जातो, हे माझ्या सासऱ्यांना तर शेवटपर्यंत पटलं नाही.

पण होतं ते तसंच. दोन हजार अकरा साली मी मस्कतच्या बौशर भागातल्या एका खासगी कॉलेजात अकाउंटंट म्हणून लागलो. राहायला वादी कबीरला, कारण मुलगी सई तिथल्या शाळेत. दोनतीन वर्षं फीचा काउंटर सांभाळल्यावर माझ्याकडे स्पोर्ट्स डिपार्टमेंटचं खातं आलं. मानानं आलं असं कुणी समजू नये. ते कुणालाच नको होतं.

नको असण्याचं कारण साधं आहे. काही देशांत म्हणे कॉलेजच्या सामन्यांना तिकिटं लागतात, टीव्हीवाले पैसे मोजतात, आणि खेळाडूंच्या जिवावर अख्खं कॉलेज चालतं. आमच्याकडे प्रेक्षकांनी यावं म्हणून त्यांना गार पाणी आणि लबान, म्हणजे तिथलं ताक, फुकट द्यावं लागे. विद्यार्थ्यांच्या फीमधून थोडी रक्कम खेळांसाठी बाजूला निघायची, एखादी कंपनी खेळाडूंच्या बनियनवर नाव छापून थोडे पैसे द्यायची, आणि मग वर्षभर नुसतं जाणं. बस, हॉल, पंच, बूट, बँडेज. येणं काही नाही. ज्या खात्याला उत्पन्नच नाही त्याच्या हिशोबनिसाला एकच कर्तबगारी दाखवता येते, ती म्हणजे नाही म्हणण्याची. मी त्यात लवकरच तयार झालो.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे कॅप्टन सालिम. फुटबॉलचे प्रशिक्षक. तिकडे प्रशिक्षकाला कॅप्टनच म्हणतात, पण हे गृहस्थ खरेच सैन्यातून आलेले होते आणि माझ्या टेबलावर तसेच चाल करून येत. सगळं हिंदीत, कारण त्यांचं लहानपण हिंदी सिनेमे बघण्यात गेलं होतं.

"श्रीकांत! फुलूस कहाँ है?"

फुलूस म्हणजे पैसे. नमस्कार-चमत्कार नंतर.

एकदा सामना जिंकल्यावर त्यांनी बिल आणून टाकलं. दोन बकरे, तांदूळ, मसाला. वर लिहिलेलं, प्रशिक्षण साहित्य. मी म्हटलं, "कॅप्टन, बकरा प्रशिक्षण साहित्यात कसा बसणार?"

ते शांतपणे म्हणाले, "श्रीकांत, ये बकरा नहीं है. ये मोटिव्हेशन है."

दोन दिवस हुज्जत घालून मी ते आतिथ्याच्या खात्यात टाकलं. दर महिन्याला असा एक तरी बकरा असायचाच. कधी बर्फ, कधी मध, कधी गोलकीपरच्या हातमोज्यांची चौथी जोडी. प्रत्येक रियालसाठी ते भांडायचे आणि बहुतेक वेळा जिंकायचे.

याच्या अगदी उलट कोच हनान. मुलींच्या व्हॉलीबॉल संघाच्या प्रशिक्षक. तिशीच्या आत-बाहेरच्या ओमानी बाई, हळू इंग्रजी बोलणाऱ्या. हवं तेवढंच मागायच्या, आणि मी नाही म्हटलं की "ठीक आहे, मिस्टर श्रीकांत," म्हणून निघून जायच्या. मला वाटायचं, काय समंजस बाई आहेत!

मुलींचा संघ कागदावर महाग दिसे. मुलं खेळायची कॉलेजच्या उघड्या मैदानावर. मुली खेळणार बंद हॉलमध्ये, जिथे पुरुष प्रेक्षक नसतील. तो हॉल तासावर भाड्यानं. पंच बाईच हवी. बस वेगळी, बसमध्ये सोबतीला एक बाई पर्यवेक्षक, आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांना होस्टेलवर सोडायचं. गावाकडचे वडील मुलीला मस्कतला पाठवतात ते या भरवशावर. त्यात काही कमी करता येत नाही. पण हे सगळं तक्त्यात दिसत नाही. तक्त्यात दिसतं ते एवढंच की मुलींचा एक सामना मुलांच्या सामन्याहून महाग पडतो.

मी कोकणातला. आमच्या घरी पार्सलची सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवत. खातं हाती आल्याच्या पहिल्या वर्षी मी मनावर घेतलं की बचत करून दाखवायची. कॅप्टनपुढे डाळ शिजेना, म्हणून कोच हनानच्या खात्याला हात घातला. हॉलचे आठवड्याचे सहा तास होते, ते तीन केले. सरावाची बस बंद केली, हॉल तसा जवळ आहे म्हणून. गुडघ्यांचे पॅड पुढच्या वर्षावर ढकलले. वर्षाअखेरीस स्पर्धेची बस होती, तिच्यासाठी मी म्हटलं, "बघू, आधी तीन कोटेशनं आणा." त्यानंतर कुणी आलंच नाही. मी समजलो, गरज नसावी.

ऑगस्टमध्ये वर्ष संपलं तेव्हा खेळांच्या खात्यात चांगली घसघशीत रक्कम शिल्लक होती आणि तिच्यातला मोठा वाटा मुलींच्या संघाचा होता. मी ती ऐटीत परत केली. आमचे फायनान्स मॅनेजर मॅथ्यूसाहेब, तीस वर्षं मस्कतमध्ये काढलेला तोलूनमापून बोलणारा माणूस. त्यांनी मला शिक्क्यासह प्रशस्तिपत्रक दिलं. मी ते रुवीच्या दुकानातून फ्रेम करून घेतलं आणि घरी टीव्हीच्या वर टांगलं. सुनंदानं, माझ्या बायकोनं, शिरा केला. आता ते आठवलं की माझं मलाच लाजायला होतं.

कारण पुढच्याच वर्षी तेलाचे भाव कोसळले. बनियनवर नाव छापणाऱ्या कंपनीनं हात आखडला, आणि सगळ्या खात्यांना कात्री लावा असा हुकूम निघाला. अंदाजपत्रकाच्या आमच्या तक्त्यात एक रकाना असे, गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च. सगळा कारभार त्या एका रकान्यावर चालतो. तुम्हाला गरज किती आहे हे कुणी विचारत नाही. गेल्या साली किती उडवलेत, ते बघतात. कॅप्टन सालिमनी सगळं उडवलं होतं, म्हणून त्यांना थोडी कात्री लागून बाकी सगळं मिळालं. मुलींच्या संघानं पैसे परत केले होते. म्हणजे त्यांना लागत नाहीत. उरलेल्या पैशात संघ चालणार नाही, तेव्हा संघ एक वर्ष स्थगित. ऑफिसात वर्षभरासाठी स्थगित झालेली गोष्ट पुन्हा सुरू झालेली मी तरी पाहिलेली नाही. आणि तो तक्ता टाइप कुणी केला? मीच. माझ्या काही लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते आठवडाभरानं, एका सकाळी. काउंटरवर रहमा आली. संघाची कर्णधार, इब्रीकडच्या गावातली, शेवटच्या वर्षाला. अबायाच्या बाहीतून तिनं एक लिफाफा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"सर, आम्ही मुलींनी जमवलेत. एवढ्यात हॉल किती दिवस मिळेल?"

मी लिफाफा उघडला नाही. म्हटलं, "बेटा, हे मला घेता येणार नाही. पैसे घ्यायलासुद्धा आमच्याकडे खातं लागतं. या पैशांसाठी खातं नाही."

ती गेली नाही. म्हणाली, "या वर्षी आमचा संघ चांगला आहे, सर. गेल्या वर्षी बस नव्हती तरी आम्ही सराव चुकवला नाही."

मी सहज विचारलं, "मग जात कशा होतात?"

"कोच हनानच्या गाडीतून. दोन फेऱ्या करायच्या."

"आणि हॉल? तीनच तास होते ना?"

"उरलेल्या तासांचे पैसे कोच द्यायच्या. आम्हाला सांगायच्या नाहीत, पण आम्ही पावती बघितली."

"स्पर्धेला कशा गेलात?"

"पांढऱ्या दाढीचे बसवाले अंकल आहेत ना, त्यांनी नेलं. म्हणाले, कॉलेज देईल तेव्हा देईल."

मी वाचवलेला पैसा वाचलेला नव्हताच. तो दुसऱ्याच लोकांनी भरला होता आणि शाबासकी मी घरी नेऊन टांगली होती.

दुपारी जेवताना घरी हे बोललो. सई तेव्हा दहावीला. तिचं मराठी अडखळत चालायचं, पण नेमकं बोलायची. "बाबा, म्हणजे तुम्ही सेव्ह केलं म्हणून त्यांची टीम बंद? दॅट्स सो अनफेअर." मग टीव्हीच्या वर बघून म्हणाली, "आणि ते अजून तिकडे लटकवलंय?"

सुनंदा तिला गप्प करायला गेली. मी म्हटलं, "बोलू दे. बरोबर बोलतेय."

दुसऱ्या दिवशी मी कोच हनानना गाठलं. त्या आधी उडवाउडवी करायला लागल्या. मी विचारलं, "मागितले का नाहीत पैसे? भांडायचं होतं माझ्याशी."

त्या म्हणाल्या, "मिस्टर श्रीकांत, मागितले असते तर लोक म्हणाले असते, मुलींचा संघ महाग आहे, बंद करा. म्हणून नाही मागितले."

म्हणजे संघ टिकावा म्हणून बाई गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहिल्यामुळेच संघ बंद पडत होता. मधला दुवा मी. बऱ्याच विनवण्या केल्यावर त्यांनी गाडीतल्या कप्प्यातून हॉलच्या पावत्यांचा गठ्ठा काढून दिला. काही पावत्यांची शाई उन्हानं उडाली होती.

मग वादी कबीरच्या वर्कशॉपांच्या गल्लीत त्या पांढऱ्या दाढीच्या बसवाल्यांकडे, इब्राहिमभाईंकडे, गेलो. हे श्रीवर्धनचे. अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, नावावर चार बसगाड्या चालवायचे आणि स्वतःही चाक धरायचे. मी बिल मागितलं तर उखडले.

"बिल कसला मागता साहेब? पोरी हायत त्या. माजी नात तेवडीच हाय. तिला नेलान तं काय बिल फाडीन मी?"

"पैसे द्यायला नाही मागत, इब्राहिमभाई. तुम्ही किती दिलंत ते कागदावर यायला हवं. पूर्ण भाडं लिहा, खाली तेवढीच सूट लिहा. बाकी शून्य."

"शून्याचा बिल? अर्बाब मना येडा म्हनंल."

"नाही लिहिलंत तर या वर्षी त्या पोरी कुठेच जायच्या नाहीत."

त्यांनी हात पुसून बिलांचं पुस्तक काढलं. मग पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तुमीच लिवा. मी सही मारतो." माझ्या सगळ्या नोकरीत मी हाताळलेलं सर्वांत मोलाचं बिल ते, आणि त्याची रक्कम शून्य.

आता हे घेऊन डीनसाहेबांसमोर जायचं होतं. लिहायला सोपं वाटतं, पण तेव्हा माझी झोप उडाली होती. आखातात नोकरी म्हणजे व्हिसा, व्हिसा म्हणजे घर, सईची दहावी. हिशोबनिसानं आपणहून जाऊन माझा ताळेबंद फसवा होता म्हणायचं, म्हणजे आपल्याच हातानं तिकीट काढण्यासारखं. सुनंदाला विचारलं. ती म्हणाली, "तिकीट काढायची वेळ आली तर काढू. देवरुखला छप्पर आहे आपल्याला." या एका वाक्यासाठी मी जन्मभर तिच्या ऋणात आहे.

बैठक सकाळी दहाला. डीनसाहेब, मॅथ्यूसाहेब, कॅप्टन सालिम, कोच हनान आणि मी. मी पिशवीतून आधी फ्रेम काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "सर, हे परत घ्या. हे माझं नाही." मग तक्ता पुढे केला. एका बाजूला मी दाखवलेला खर्च, दुसऱ्या बाजूला खरा खर्च, आणि त्यातला प्रत्येक रियाल कुणी भरला त्याचं नाव. कोच हनान मान खाली घालून बसल्या होत्या.

मॅथ्यूसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमचे हिशोब चुकीचे होते?"

"आकडे बरोबर होते, सर. माझी समजूत चुकीची होती. मी याला बचत म्हटलं."

डीनसाहेबांनी शून्याचं बिल उचलून दोनदा वाचलं. म्हणाले, "सगळं पटतं. पण पैसे कुठून आणायचे? यंदा खरंच नाहीत."

तेव्हा कॅप्टन सालिम खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता फुटबॉलचा बचाव सुरू होणार. ते अरबीत काहीतरी जोरात बोलले आणि मग माझ्या सोयीसाठी हिंदीत म्हणाले, "सलालाह का कॅम्प खलास. वो पैसा बच्चियों को दो."

सलालाहचं हिवाळी शिबिर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यासाठी त्यांनी माझ्याशी वर्षातून सहा महिने भांडण केलेलं. माझी नजर चुकवत ते पुढे म्हणाले, "लेकिन गोलकीपर का ग्लव्ज मंगता. दो जोडी."

डीनसाहेब हसले. मॅथ्यूसाहेबांनी तिथल्या तिथे सलालाहची ओळ खोडली आणि मुलींच्या संघापुढचा स्थगित हा शब्द खोडला. मला काही झालं नाही. माझ्या फाइलीत यातलं अक्षरही गेलं नाही, ते मॅथ्यूसाहेबांमुळे. एवढंच नाही, पुढच्या वर्षीच्या तक्त्यात त्यांनी स्वतः एक नवा रकाना आखला, इतरांनी सोसलेला खर्च. तो भरताना एकेका खात्यातून काय काय बाहेर आलं! प्रयोगशाळेचा मदतनीस स्वतःच्या पैशानं साबण आणत होता आणि ग्रंथालयातल्या बाई डिंक.

हातमोज्यांच्या दोन्ही जोड्या मी त्याच दिवशी मंजूर केल्या, एकही कोटेशन न मागता. नियमात ते बसत नव्हतं.

त्या वर्षी मुली उपांत्य फेरीत हरल्या. जिंकल्या असत्या तर गोष्ट जास्त छान झाली असती, पण हरल्या. रहमा स्वतः सांगायला आली आणि सोबत बिल घेऊन आली. तेवीस बाटल्या लबान, दोन किलो खजूर. म्हणाली, "सर, कॅप्टन सालिम म्हणाले, याला मोटिव्हेशन म्हणायचं. पण बकरा नाही, प्रॉमिस." मी तिला बसवून ते बिल तिच्यासमोर पास केलं.

फ्रेम मी घरी आणलीच नाही. कॅप्टननी त्यातलं प्रशस्तिपत्रक काढून फुटबॉल संघाचा फोटो घातला आणि आपल्या खोलीत टांगला. फ्रेमचे पैसेही दिले नाहीत.

त्यानंतरची चार वर्षं मी वेगळा हिशोबनीस होतो. नाही म्हणणं सोडलं नाही, तो धंद्याचा भागच आहे. पण जो माणूस निमूट परत जाई, त्याच्या मागे उठून जायला लागलो. या शहाणपणाची किंमत मी भरली नाही, दुसऱ्यांनी भरली, ही खंत आहे. आणि त्यांनी ती न कुरकुरता भरली, त्याबद्दल त्या परक्या मुलखाचे आणि श्रीवर्धनच्या त्या म्हाताऱ्याचे किती आभार मानू, मला समजत नाही.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये मी निघालो. शेवटचा ताळेबंद काढला तेव्हा मुलींच्या संघाच्या खात्यात त्रेचाळीस रियाल उरले होते. जुनी सवय म्हणाली, परत कर. मी कोच हनानना फोन लावला, काही हवंय का? त्या म्हणाल्या, "काही नको, सगळ्या मुलींकडे सगळं आहे."

"मग ज्या अजून आल्या नाहीत त्यांच्यासाठी?"

आम्ही दोघांनी कुरुमच्या दुकानातून पांढऱ्या तळव्यांचे हॉलमध्ये चालणारे तीन बूटजोड घेतले. सदतीस, अडतीस आणि एकोणचाळीस नंबर. मागणीपत्रावर वापरणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. मी लिहिलं, येणाऱ्या मुली. मॅथ्यूसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. शिल्लकेच्या रकान्यात मी शेवटचा आकडा लिहिला, शून्य, आणि पेन खाली ठेवलं.

परत आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, अंगणात बसलो असताना फोनवर एक फोटो आला. चेहरा नाही, नुसते दोन पाय, हॉलची लाकडी जमीन आणि पांढऱ्या तळव्यांचे करकरीत बूट. खाली कोच हनाननी लिहिलं होतं, "मिस्टर श्रीकांत, अडतीस नंबर आली."